निर्वात पिशवीचे वायुरोधन

निर्वात पिशवीचे वायुरोधन : तंतू आणि रेझीन (द्रव रूपात भरून नंतर घट्ट होणारे द्रव्य) यांच्या संमिश्र वस्तू घडवताना साच्यावर रचलेल्या थरांवर लवचिक पटल अंथरतात, त्याची कड साच्याला हवाबंद चिकटवतात व आतील हवा पंपाने काढतात. बाहेरचे वातावरण मग थरांना सर्व बाजूंनी सारखे दाबून धरते. या पटलाला निर्वात पिशवी म्हणतात. कड, जोड, नळ्यांची तोंडे आणि खुद्द साचा यांतून हवा आत शिरू नये म्हणून केलेली सर्व व्यवस्था म्हणजे तिचे वायुरोधन होय.

समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब सु. १,०१३ हेक्टोपास्कल, म्हणजे दर चौ. मी. वर सु. १०.३ टन भार, इतका असतो. केवळ वातावरणावर चालणाऱ्या पिशवीला मिळणारा दाब याहून अधिक होऊ शकत नाही. १,५०० मी. उंचीवरील कार्यशाळेत हीच मर्यादा ८४५ हेक्टोपास्कलच्या आसपास येते. त्यामुळे बाहेरच्या दाबाशी तुलना करणाऱ्या साध्या दाबमापकाचा आकडा दोन ठिकाणी सारखा दिसला, तरी पिशवीत उरलेली हवा सारखी असतेच असे नाही. आत किती हवा उरली हे सांगायचे तर निरपेक्ष दाब मोजावा लागतो.

गळतीचे परिणाम : गळतीने दाब कमी होतो हा परिणाम सर्वांच्या ध्यानात येतो, पण अनेकदा तो दुय्यम असतो. पंप जोरकस असेल तर बरीच गळती असूनही दाबमापक समाधानकारक आकडा दाखवतो. खरे नुकसान आत येणाऱ्या हवेने होते. स्थिर तापमानाला वायूचे घनफळ दाबाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. त्यामुळे बाहेरची १ घ. सेंमी. हवा १० हेक्टोपास्कल दाबाच्या पिशवीत शिरली की ती सु. १०० घ. सेंमी. जागा व्यापते. छिद्र कडेपाशी असेल तर ही हवा पटलाखाली अंथरलेल्या कोरड्या जाळीतून थेट पंपाकडे निघून जाण्याचा संभव असतो. ते रेझिनाने भिजलेल्या भागावर असेल तर बुडबुड्यांची माळ पंपाच्या दिशेने सरकत राहते आणि रेझीन घट्ट होताना जागच्या जागी अडकते. अशा पोकळ्यांनी थरांमधील कर्तन-बल, म्हणजे थर एकमेकांवरून सरकण्यास होणारा विरोध, घटतो. मोठा पंप लावून गळतीवर मात करण्याची पद्धत रूढ असली, तरी तिने केवळ आकडा सुधारतो. हवेचा मार्ग तसाच राहतो, हे येथे आवर्जून नोंदवले पाहिजे.

इतिहास : लवचिक आवरण आणि वातावरणाचा दाब यांचा एकत्रित उपयोग प्रथम कोणी केला, याबद्दल एकवाक्यता नाही. वायुरोधनाचा विचार मात्र निर्वात पंपाइतकाच जुना आहे. निर्वात पंप बनवणारे जर्मन संशोधक ओटो फोन गेरिके यांनी, आतली हवा काढली की घट्ट चिकटून राहणाऱ्या आपल्या धातूच्या दोन अर्धगोलांमध्ये मेण व टर्पेंटाइन यांत मुरवलेली चामड्याची कडी बसवली होती. हा प्रयोग १६५४ मध्ये रेगेन्सबुर्क येथे झाला असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. निर्वाताचे प्रात्यक्षिक त्या साली तेथे झाले, परंतु अर्धगोलांचा प्रयोग १६५६-५७ च्या सुमारास माग्डेबुर्कमध्ये झाला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. कठीण पृष्ठांमधील सूक्ष्म फट मऊ आणि चिकट पदार्थाने भरायची, हे त्या कडीमागील तत्त्व आजच्या सीलंट टेपमध्येही (पटलाची कड साच्याला चिकटवणाऱ्या मऊ पट्टीतही) तेच आहे.

संमिश्रांच्या क्षेत्रातील पिशवीचे मूळ बहुतेक अभ्यासक वक्र प्लायवुडच्या कामात शोधतात. १९२० च्या सुमारास लॉकहीड बंधूंच्या कारखान्यात विमानाचे कवच काँक्रीटच्या साच्यात ठेवून रबरी पिशवी फुगवून दाबले जाई. १९२७ मधील ‘व्हेगा’ विमानाचे धड याच परंपरेतले. मात्र येथे पिशवी आतून फुगवलेली होती, हवा काढून घेतलेली नव्हती. यूजीन व्हिडाल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत लाकडाचे पातळ पापुद्रे रबरी पिशवीत बंद करून, हवा काढून, वाफेच्या टाकीत दाबाखाली तापवत. ती दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे प्रचारात आली. ही दोन उदाहरणे एकाच साखळीतील मानण्याचा प्रघात आहे. तथापि केवळ वातावरणाच्या दाबावर चालणारी पिशवी ही स्वतंत्र पद्धत म्हणून उभी राहिली ती रेझीन बदलल्यामुळे, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. फिनॉलिक रेझिने घट्ट होताना पाण्याची वाफ सोडतात. तिला दाबून ठेवण्यास वातावरणाचा दाब पुरत नाही. १९४० नंतरच्या काही वर्षांत पुढे आलेल्या पॉलिएस्टर रेझिनांमधून असा उपपदार्थ निघत नाही, आणि त्यामुळे काचतंतूंचे थर एका वातावरणाच्या दाबाखालीही नीट बसू लागले.

कोरड्या तंतूंमध्ये निर्वाताने रेझीन ओढून घेण्याच्या पद्धतीचे एक अमेरिकन पेटंट मार्को केमिकल्स या कंपनीशी संबंधित असून ते १९५० मध्ये मंजूर झाले. या पद्धतीत रेझीन साच्याच्या तळाशी भोवतालच्या चरात ठेवलेले असे व वरून हवा खेचली जाई, म्हणजे चरातील द्रव रेझिनामुळेच तळाकडची कड बंद राही. पटलाखाली रेझीन वेगाने पसरवणाऱ्या जाळीच्या पद्धतीचे विल्यम सीमन यांचे पेटंट १९९० मधील आहे. होड्या व पवनचक्क्यांची पाती यांच्या उत्पादनात ओतप्रवाहाची, म्हणजे निर्वाताने रेझीन ओढून घेण्याची, ही शाखा पुढे फार वाढली.

पटल व सीलंट टेप : सर्वसाधारण कामाला पॉलिएथिलीन, तापवण्याच्या कामाला नायलॉन आणि त्याहून उच्च तापमानाला पॉलिइमाइड पटल वापरतात. नायलॉनची जाडी बहुधा ५० ते ७५ मायक्रोमीटर असते. नायलॉनची लवचिकता त्यात शोषलेल्या आर्द्रतेवर अवलंबून असल्याने कोरड्या हवेत उघडे राहिलेले पटल घडीवर तडकते. गुंडाळी मूळ वेष्टनात ठेवण्याची सूचना त्यासाठीच असते. सीलंट टेप मुख्यतः ब्युटिल रबरावर आधारित असून सु. ३ मिमी. जाड व १२ मिमी. रुंद मिळते.

कडेची तयारी : बहुतेक गळत्या कडेवरच्या तयारीतून उद्भवतात. वस्तू साच्याला चिकटू नये म्हणून लावलेले मेण किंवा अन्य द्रव्य कडेवर पसरले, तर टेपही तेथे पकड घेत नाही. म्हणून मेण लावण्यापूर्वीच कडेवर कागदी चिकटपट्टी लावून ठेवतात व थर रचून झाल्यावर ती काढतात. कडेची जागा तिच्याखाली स्वच्छ राहते. तंतूंचे थर रचण्याआधी सीलंट टेप लावली तर तिच्यावरील संरक्षक कागद शेवटपर्यंत काढायचा नसतो.

एकच सुटा तंतुपुंज टेपखालून बाहेर गेला तरी त्याच्या धाग्यांमधील फटी केशनळ्यांसारख्या हवा वाहून नेतात. वरून टेप कितीही दाबली तरी पुंजाच्या आतील फटी बंद होत नाहीत, कारण घट्ट रबर इतक्या बारीक फटींत शिरत नाही. कापडाची कड टेपपासून काही सेंमी. आत ठेवतात ती त्यासाठी. टेपची दोन टोके नुसती टेकवून ठेवू नयेत, एकमेकांवर चढवून बोटाने मळून एकजीव करावीत. नळी किंवा तापयुग्माची (तापमान मोजणाऱ्या साधनाची) तार आत न्यायची असेल, तर आधी तिच्याभोवती टेपचा वेढा द्यावा आणि तो वेढा कडेवरच्या टेपमध्ये बसवावा. अनेक पेडांच्या तारेवरील वेष्टनाच्या आतूनही हवा शिरते, हे पुष्कळदा लक्षात येत नाही.

चुण्या : पटल साच्याच्या कडेच्या परिघाहून मोठे कापावे लागते. ते ताणून बसवले तर खोलगट कोपऱ्यात टेकत नाही. तेथे पूल तयार होतो, खाली रेझीन साचते किंवा पटल फाटते. जादा पटल चुण्यांमध्ये सामावतात. चुणी घालायच्या जागी कडेवरच्या टेपवर टेपचाच एक तुकडा उभा लावतात. पटल एका बाजूने त्याच्या माथ्यापर्यंत चढवून दुसऱ्या बाजूने उतरवतात आणि दोन्ही बाजू चिमटीत धरून दाबतात. उभा तुकडा ज्या बिंदूपाशी आडव्या टेपला मिळतो तेथे सुईच्या जाडीचे भोक राहण्याची शक्यता सर्वांत जास्त असते, म्हणून तो बिंदू अंगठ्याच्या नखाने दाबून घ्यावा. चुण्या कोठे हव्यात हे वस्तूच्या उंचसखल आकारावरून ठरते. सरळ अंतराने त्या वाटून देणे पुरेसे नाही.

धारण-चाचणी : पंपाकडील झडप बंद करून ठरावीक वेळेत दाब किती वाढतो हे पाहणे ही सर्वमान्य चाचणी होय. विमान उद्योगात पाच मिनिटांत पाऱ्याचा एक इंच, म्हणजे सु. ३४ हेक्टोपास्कल, ही मर्यादा पुष्कळ ठिकाणी आढळते. ओतप्रवाहाच्या मोठ्या वस्तूंना याहून कडक अट लावतात. परंतु नुसत्या दाबवाढीच्या आकड्यावरून गळती ठरत नाही. गळतीचा दर म्हणजे पिशवीतील मोकळे घनफळ गुणिले दाबवाढ, भागिले वेळ. मोकळे घनफळ ५ लि. असलेल्या पिशवीत दहा मिनिटांत १० हेक्टोपास्कल वाढ झाली, तर दर मिनिटाला बाहेरच्या दाबाची सु. ५ घ. सेंमी. हवा आत येते. तेच छिद्र १ लि. मोकळ्या घनफळाच्या पिशवीत ५० हेक्टोपास्कल वाढ दाखवील. लहान पिशवी चाचणीत नापास होते आणि मोठी तितकीच गळती असून पार पडते, असे यामुळे घडते. मोठ्या वस्तूंसाठी आकडा कडक ठेवण्याचा आग्रह म्हणूनच योग्य ठरतो.

दाबवाढीचा आलेखही पाहावा. छिद्रातून येणारी हवा निर्वात खोल असेपर्यंत जवळपास एकाच वेगाने येते व रेषा सरळ चढते. साच्यातील ओल, चिकटद्रव्यातील विद्रावक किंवा दोन थरांत कोंडलेली हवा सुटत असेल, तर रेषा आरंभी चढून पुढे आडवी होते. दुसऱ्या प्रकाराला आभासी गळती म्हणतात. पंप अधिक वेळ चालवणे हा तिच्यावरचा इलाज आहे, टेप पुन्हा दाबणे नव्हे. दाबमापक पंपाच्या नळीवर नसावा, पिशवीच्या दूरच्या टोकाला स्वतंत्र तोंडावर असावा. पंपाजवळचा मापक पंपाचीच स्थिती सांगतो.

निर्वात किती खोल असावे याविषयी मतभेद आहेत. २०° से. ला पाण्याचा बाष्पदाब सु. २३ हेक्टोपास्कल, तर पॉलिएस्टर रेझिनातील स्टायरिन या द्रवाचा सु. ६ ते ७ हेक्टोपास्कल असतो. पिशवीतील दाब याखाली गेला की तो द्रव उकळून बुडबुडे होतात. त्यामुळे चाचणीसाठी शक्य तितके खोल निर्वात घ्यावे व स्टायरिनयुक्त रेझीन आत आल्यावर ते थोडे सौम्य करावे, हा पक्ष अधिक सुरक्षित दिसतो. बाष्पाचे बुडबुडे आणि गळतीचे बुडबुडे नंतर वेगळे ओळखणे कठीण जाते.

शोध : मोठी गळती शांत खोलीत पंप बंद करून कानाने सापडते. त्याहून बारीक गळतीचा ध्वनी श्रवणमर्यादेपलीकडे, बहुधा ४० किलोहर्ट्‌झच्या आसपास, टिपणारी श्राव्यातीत उपकरणे वापरतात. हीलियम फवारून वस्तुमान-वर्णपटमापकाने शोधण्याची रीत अत्यंत सूक्ष्म असली, तरी खर्चिक आहे. काही सापडत नसेल तर साच्याकडे वळावे. जेलकोटमधील (साच्याच्या पृष्ठावरील रेझिनाच्या थरातील) केसाएवढे तडे, लाकडी गाभा व धातूच्या साच्यातील वितळजोड यांतून हवा झिरपते. साचा रिकामा असताना त्याच्यावर नुसते पटल लावून चाचणी घेतली की दोष साच्याचा की पिशवीचा हे स्पष्ट होते. सदोष पण लहान साचा संपूर्णपणे पिशवीत घालून काम भागवता येते.

दाबभट्टीत (दाबाखाली तापवण्याच्या बंद टाकीत) पिशवीबाहेरील दाब वातावरणाच्या कित्येक पट, सामान्यतः ६ ते ७ बार, असतो. पटलावरील दाबफरक त्या प्रमाणात वाढल्याने बाहेर क्षुल्लक ठरलेले छिद्र तेथे मोठी गळती करते, आणि भट्टी बंद झाल्यावर ते दुरुस्त करता येत नाही.

पुन्हा वापरायचे सिलिकोन रबरी पडदे कडेच्या खाचेत बसवतात व ती खाच स्वतंत्र निर्वाताने धरतात. सिलिकोन रबरातून वायू इतर रबरांच्या तुलनेत सहज झिरपतात. त्यामुळे अशा पडद्याची धारण-चाचणी नायलॉन पिशवीच्या निकषांनी जोखू नये.