कॉटला बंपर लावायचा का? आधी फट मोजा

कॉटची ऑर्डर देताना बहुतेक घरांतून एक प्रश्न येतोच: आतून लावायचे बंपर किंवा लोड तुम्ही देता का? आम्ही देत नाही, मागितले तरी शिवून देत नाही. दुकानात गोजिरवाण्या रंगांत मिळणारी वस्तू आम्ही का नाकारतो, ते कळायला हवं. तुम्ही ती दुसरीकडून घेण्याआधीच कळलेलं बरं, म्हणून हे पत्रक.

बंपर म्हणजे कॉटच्या आतल्या बाजूने, दांड्यांना नाड्या बांधून लावायचा गुबगुबीत पट्टा. आत फायबर किंवा कापूस भरलेला असतो. हल्ली जाड वेणीसारखे गुंफलेलेही मिळतात. आपल्याकडच्या बेडिंग सेटमध्ये बाळाच्या दोन्ही कुशींना लावायचे जे दोन लोड येतात, त्यांनाही खालचं सगळं लागू आहे.

मुळात हा पट्टा रुंद फटींवरचा उपाय होता. जुन्या कॉटच्या दोन दांड्यांमध्ये इतकी जागा असायची की बाळ पायाकडून त्यातून सरकायचं. कंबर निघायची, छाती निघायची आणि डोकं अडकायचं. ती फट झाकायला पट्टा आला. पुढे अमेरिकेने 1973 साली नियम केला की दोन दांड्यांमधली फट 60 मिमीपेक्षा जास्त नको. सुताराच्या भाषेत दोन इंच तीन सूत. युरोपच्या मानकात ही फट 45 ते 65 मिमी धरतात. इतक्या फटीतून तान्ह्या बाळाची कंबर जातच नाही. म्हणजे फट बरोबर केली की पट्ट्याचं मूळ काम संपलं. पण विक्री चालू राहिली आणि ‘बाळाला लागू नये म्हणून’ हे नवं कारण त्याला चिकटलं.

त्या कारणात तथ्य किती? झोपेत कूस बदलताना बाळाचं डोकं दांड्याला लागतं, हे खरं. पण त्या वयात अंगात जोर तेवढाच असतो. लागलं तर रडेल, एखादं टेंगूळ येईल. त्याने डोक्याला गंभीर इजा होत नाही. उलट पट्ट्यामुळे जे होऊ शकतं, ते रडण्याचा आवाजही न होता होतं.

पहिल्या तीन-चार महिन्यांत मानेवर ताबा नसतो. बाळ सरकत सरकत कडेला जातं आणि गाल पट्ट्याला टेकतो. बाळाचं नाक मऊ असतं, थोड्या दाबानेही चेपतं. नाकातोंडासमोर कापसाची भिंत असली की सोडलेलीच हवा परत आत येते, प्राणवायू कमी होत जातो. मोठं माणूस अशा वेळी दचकून मान वळवतं. एवढ्या लहान बाळाला ते दर वेळी जमेलच असं नाही. दुसरा धोका पट्टा आणि गादी यांच्यामधल्या खाचेचा. नाडी ढिली झाली की पट्टा वर उचलला जातो आणि तोंड त्या खाचेत जाऊन बसतं. तिसरा धोका सुटलेल्या नाड्यांचा, त्या गळ्याभोवती येऊ शकतात. आणि बाळ आठ-नऊ महिन्यांचं होऊन धरून उभं राहू लागलं की तोच पट्टा पायरी होतो. त्यावर पाय देऊन मूल कठड्यावरून बाहेर पडतं.

2007 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय अभ्यासात 1985 ते 2005 या काळातले, बंपरशी संबंध असलेले 27 बालमृत्यू तपासले होते. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2011 पासून बंपर लावूच नका असं सांगितलं. नोव्हेंबर 2022 पासून तर अमेरिकेत गुबगुबीत बंपर बनवायला आणि विकायला कायद्याने बंदी आहे. जाळीचा, आत काही न भरलेला पट्टा त्या बंदीत येत नाही, म्हणून तो ‘सुरक्षित’ म्हणून विकला जातो. आमचं मत विचाराल तर तोही नको. चार धुण्यांत जाळी सैल पडते, वेल्क्रोत दोरे आणि केस अडकून पकड जाते. मग मधेच लोंबणारी जाळी उरते, ती फट नीट झाकतही नाही आणि धड दूरही राहत नाही.

किनारपट्टीवर आणखी दोन गोष्टींची भर पडते. पहिली दमट हवा. एप्रिल-मेच्या उकाड्यात किंवा पावसाळ्यात वीज गेलेल्या रात्री बाळाला वारा मिळतो तो दांड्यांमधूनच. चारी बाजू कापसाने बंद केल्या की मानेच्या वळ्यांत घामोळं येतं, आणि अंग जास्त तापणं झोपेतल्या बाळाला मुळीच चांगलं नाही. दुसरी गोष्ट धुण्याची. दूध ओकलं, लंगोट भिजला की पट्टा धुवावा लागणार. जूनपासून चार महिने साधं दुपटंसुद्धा चुलीच्या किंवा पंख्याच्या उबेवर वाळवावं लागतं, तिथे तीन बोटं जाडीचा कापूस आतून वाळत नाही. वरून कोरडा लागतो, आत बुरशी धरते. कुबट वास आला की समजावं.

माळ्यावरचा पाळणा उतरवताना

आमच्या कॉटच्या फटी 56 ते 58 मिमी असतात, त्यामुळे तिथे काळजी नाही. खरी काळजी बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीसाठी माळ्यावरून उतरवलेल्या जुन्या पाळण्याची. लाकूड सागाचं किंवा फणसाचं, अजून तीस वर्षं टिकेल असं. दांडे मात्र लांब लांब.

कॉटसोबतच्या कापडी पिशवीत 60 मिमी जाडीचा लाकडी ठोकळा दिला आहे, तो याचसाठी. प्रत्येक फटीत तो जरा जोर लावून घालून बघा. हलकेच घालू नका, कारण बाळाचं अंग रेटतं तेव्हा दांडे वाकतात. ठोकळा पलीकडे गेला की फट मोठी. कातीव दांडे असतील तर मधल्या फुगीर भागाशी मोजून फसू नका. दांडा जिथे बारीक कातलेला असतो तिथे फट सर्वांत मोठी असते, मोजायचं तिथे.

समजा पाळण्याची आतली लांबी 900 मिमी आहे आणि 20 मिमीचे 8 दांडे आहेत. दांड्यांची जागा गेली 160 मिमी. उरलेल्या 740 मिमीच्या नऊ फटी पडतात, म्हणजे एकेक फट 82 मिमी, सव्वातीन इंच. ही धोक्याची आहे. बरेच सुतार अशा वेळी प्रत्येक फटीत मधे एक दांडा ठोकून देतात. तसं करू नका. फट 31 मिमीची होते आणि तेवढ्या जागेत हात-पाय जातो पण सहज निघत नाही. वरची आणि खालची आडवी पट्टी नवी करून, नव्याने भोकं पाडून 11 दांडे समान अंतरावर बसवायचे. 900 मधून 220 वजा, उरले 680, भागिले 12 फटी: साधारण 57 मिमी. जुने आठ दांडे त्यातच वापरता येतात, तीन नवे कातावे लागतात. हे काम कोणत्याही चांगल्या सुताराकडून होईल, फक्त हा हिशोब त्याला दाखवा. आणि खिळे नकोत. खिळ्याने पट्टी चिरते, शिवाय खाऱ्या हवेत तो गंजून सैल होतो. दांडा भोकात फेविकॉलने बसवावा, स्क्रू लागलाच तर स्टेनलेस स्टीलचा किंवा पितळेचा घ्यावा.

फटी करून झाल्या की गादी बघा. गादी आणि कठडा यांच्यामध्ये दोन बोटं जात असतील तर गादी लहान आहे. ती जागा कपडे किंवा उशी कोंबून भरायची नाही, मापाची गादी करून घ्यायची. शेवरीच्या कापसाची गादी बाळाखाली घालू नका, ती मधे खोल जाते आणि कडा वर येतात. काथ्याची किंवा घट्ट फोमची, चार इंच जाडीची गादी चांगली. तळहाताने दाबून सोडली की खड्डा लगेच भरला पाहिजे. तळ सर्वांत खालच्या खाचेत असताना गादीच्या वरपासून कठड्याच्या टोकापर्यंत निदान 500 मिमी उंची हवी. बाळ बसायला लागलं की तळ मधल्या खाचेत घ्या आणि धरून उभं राहायच्या आतच शेवटच्या खाचेत. पडल्यावर नव्हे.

पाय अडकलाच तर

बरोबर फटीतूनही पाय बाहेर जाऊ शकतो. तो मांडीपर्यंत जातो, मग बाळ वळतं, गुडघा वाकतो आणि बाहेरच राहतो. घरातलं माणूस घाबरून पाय ओढतं, तिथे चूक होते. आधी बाळाला उचलून दांड्याच्या जवळ आणा, म्हणजे पायावरचा ताण जाईल. मग बाहेरून गुडघा हळूच सरळ करा, पाऊल बोटांकडून ताठ धरा आणि गेला त्याच वाटेने पाय परत आत सरकवा. दांड्याला आणि पायाला थोडं खोबरेल लावलं की काम सोपं होतं. लालसर वळ राहिला तर तो काही वेळात जातो. सूज आली किंवा बाळ पाय हलवेनासं झालं तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

कॉटमध्ये काय असावं? घट्ट गादी, त्यावर ताणून बसणारी चादर, आणि पाठीवर झोपवलेलं बाळ. बस्स. वर्षभराचं होईपर्यंत उशी नको, गोधडी नको, मऊ बाहुल्या नकोत. थंडी वाटली तर अंगात एक सुती कपडा वाढवा. राईच्या उशीबद्दल आजींचा आग्रह असतो, त्यामागची माया आम्हाला कळते. पण डोकं गोल राहायला उशी लागत नाही. झोपवताना एक दिवस डोकं कॉटच्या या टोकाला, दुसऱ्या दिवशी त्या टोकाला ठेवा, म्हणजे बाळ खिडकीकडे बघायला आलटून पालटून मान वळवतं. आणि जागं असताना, तुम्ही समोर बसून, त्याला पालथं घाला.

मच्छरदाणी हवीच. ती कठड्याच्या बाहेरून, चौकटीवर ताणून लावा, आत झोल पडू देऊ नका आणि दोरी बाळाच्या हाताच्या टप्प्यात ठेवू नका. चिमणाळं टांगलं असेल तर बाळ हातांवर उठायला लागलं की काढून ठेवा.

बारशाला पाळणा सजवायची हौस असतेच आणि ती पुरवावी. झालर, लोड, फुलांच्या माळा, सगळं लावा, नाव ठेवा, फोटो काढा. पाहुणे जेवायला बसले आणि बाळ पेंगुळलं की आधी ते सगळं बाहेर काढा, मगच झोपवा. घरात बंपर आधीच आणलेला असेल तर नाड्या कापून टाका आणि रांगण्याच्या दिवसांत सोप्याच्या कडेला, जमिनीवर अंथरायला वापरा.

वर्षातून दोनदा ठोकळा पिशवीतून परत काढा: एकदा गणपती झाल्यावर, एकदा शिमग्यानंतर. पावसात लाकूड फुगतं तेव्हा सगळं घट्ट वाटतं. ऊन तापलं की तेच लाकूड आकसतं आणि दांडे भोकात खुळखुळायला लागतात. प्रत्येक दांडा मुठीत धरून पिळा. फिरला, की त्या दिवशी बाळाला तिथे झोपवू नका. कॉट आमची असेल तर आडवी पट्टी सोडवून घेऊन या, दांडा पुन्हा बसवून देण्याचे पैसे आम्ही घेत नाही. जुना पाळणा असेल तर आतली लांबी, दांड्यांची जाडी आणि त्यांची संख्या एवढं कागदावर लिहून आणा, किती दांडे लागतील ते उभ्या उभ्या सांगू.