सिंधू मानसरोवरातून निघत नाही

कैलास-मानसरोवरचा विषय निघाला की कुणीतरी ठामपणे सांगतंच: सिंधू, ब्रह्मपुत्रा, सतलज आणि कर्णाली या चारही नद्या मानसरोवरातून उगम पावतात. चित्र सुंदर आहे, पण खरं नाही. सिंधूचा तर या सरोवराशी काही संबंधच नाही. ती कैलासच्या उत्तरेकडच्या झऱ्यांपासून निघते. स्वीडिश संशोधक स्वेन हेडिन 1907 मध्ये तिथवर पोहोचला. तिबेटी लोकांना ती जागा आधीपासूनच ठाऊक होती, हे सांगायचं मात्र बरेच जण विसरतात! उगमाला ते ‘सेंगे खबब’, म्हणजे सिंहमुख, म्हणतात. बाकी तिघींनाही त्यांच्या परंपरेत घोडा, हत्ती आणि मोराची मुखं आहेत.

ब्रह्मपुत्रा आग्नेयेकडच्या हिमनद्यांतून येते, कर्णाली दक्षिणेकडून. सतलजपुरता या समजाला थोडा आधार आहे: मानसरोवराचं जादा पाणी गंगा छू या ओढ्याने शेजारच्या राक्षसतालात जातं आणि सतलजचा उगम त्या तलावाच्या पश्चिमेला मानतात. पण तो ओढाही कित्येकदा कोरडाच असतो.