दातांच्या दवाखान्यात शुगर-बीपीची चौकशी कशासाठी?

पहिल्या भेटीत तपासणीच्या आधी आम्ही तुमच्याकडून एक फॉर्म भरून घेतो. शुगर, बीपी, हृदयाचं ऑपरेशन, हाडांची औषधं, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गरोदरपण, तंबाखू अशी बरीच विचारणा त्यात असते. दाढ ठणकत असताना एवढं लिहायचा कंटाळा येणारच. म्हणून बरेच जण सरसकट 'नाही' लिहून मोकळे होतात. आमची खरी अडचण तिथूनच सुरू होते. त्या प्रश्नांमागची कारणं कळावीत म्हणून हे पत्रक.

हिरड्यांतून रक्त येणं

निरोगी हिरडीतून ब्रश करताना रक्त येत नाही. 'थोडंसं तर येतं सगळ्यांनाच' असं आम्ही रोज ऐकतो, पण ती सूज असते आणि तिला कारण असतं. दातांवर जिवाणूंचा चिकट थर सतत बसत असतो. तो निघाला नाही तर लाळेतल्या क्षारांमुळे कडक होतो आणि मग ब्रशने निघत नाही. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं बंद करायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. म्हणजे या टप्प्यावर सगळं तुमच्या हातात असतं.

सूज तशीच राहिली तर काही जणांमध्ये ती खाली उतरते. हिरडी दातापासून सुटते, मध्ये खाच तयार होते आणि दाताला धरून ठेवणारं हाड झिजू लागतं. तपासताना आम्ही मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई हिरडी आणि दात यांच्या फटीत हलकेच सरकवतो आणि मदतनीसाला आकडे सांगत जातो: 'तीन, दोन, तीन... पाच, सहा.' खुर्चीवर पडल्यापडल्या तुम्ही ते ऐकलं असेल. तीनपर्यंतचा आकडा बहुधा काळजीचा नसतो. चारपासून पुढे आम्ही सावध होतो, आणि पाच-सहा म्हणजे तुमचा ब्रश पोचू शकत नाही अशा ठिकाणी जिवाणूंनी मुक्काम ठोकला आहे. झिजलेलं हाड आपोआप भरून येत नाही. हे सगळं बहुतेक वेळा अजिबात न दुखता घडतं, त्यामुळे पेशंट येतो तेव्हा दात हलायला लागलेला असतो. सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये तर रक्तही कमी येतं, कारण धुरामुळे हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात. आजार वाढत राहतो आणि पेशंटला हिरड्या ठणठणीत वाटतात.

तोंडभर अशा खाचा असतील तर आतल्या सुजलेल्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ सगळं मिळून ८ ते २० चौरस सेंटीमीटर भरू शकतं. चावताना, घासताना तिथून जिवाणू रक्तात शिरतात आणि सूज वाढवणारी रसायनंही रक्तातून शरीरभर फिरतात. हिरडीचा आजार हिरडीपुरता राहत नाही तो यामुळे.

मधुमेह

दात आणि शरीर यांच्यातला सगळ्यात पक्का, दोन्ही बाजूंनी चालणारा संबंध इथे दिसतो. साखर वाढलेली असेल तर जंतूंशी लढायची ताकद कमी होते, जखम उशिरा भरते आणि हिरड्यांचा आजार लवकर जडून जास्त खोल जातो. उलट बाजूने, हिरड्यांतल्या सततच्या सुजेमुळे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही आणि साखर आटोक्यात येत नाही. औषधं वेळेवर, खाणंपिणं सांभाळलेलं, तरी तीन महिन्यांची सरासरी साखर खाली येत नाही, अशा पेशंटच्या हिरड्या एकदा तरी तपासायलाच हव्यात.

अनेक चाचण्यांचा एकत्रित निष्कर्ष असा की हिरड्यांची खोल स्वच्छता केल्यावर तीन-चार महिन्यांत ही सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, साधारण ०.४ ने उतरते. आठवरून ७.६ वर. आकडा लहान वाटेल, पण मधुमेहात इतका फरकही मोलाचा असतो. मात्र त्यावर विसंबून शुगरची एकही गोळी स्वतःच्या मनाने कमी करू नका. ते तुमचे डॉक्टर ठरवतील.

हिरडीत पुन्हा पुन्हा गळू होत असेल तर आम्ही आधी रक्तातली साखर तपासून आणायला सांगतो. मधुमेहाचा पत्ता असाही लागू शकतो.

हृदय

हिरड्यांचा आजार असलेल्यांमध्ये हृदयविकार जास्त आढळतो, हे खरं आहे. पण एकामुळे दुसरा होतो हे सिद्ध झालेलं नाही, असं अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ साली स्पष्ट म्हटलं. धूम्रपान, मधुमेह आणि वाढतं वय ही कारणं दोन्हींकडे सारखीच असतात. 'दात साफ करा, हार्ट अटॅक टळेल' असं आश्वासन आम्ही देत नाही आणि कुणी दिलं तर विश्वास ठेवू नका. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सांधेदुखीपासून मानसिक आजारापर्यंत सगळ्याचं मूळ दातांत शोधायची लाट आली होती, आणि त्या नादात असंख्य लोकांचे वाचवता येण्यासारखे दात उपटले गेले. तसा अतिरेक पुन्हा व्हायला नको.

एका बाबतीत मात्र शंका नाही. कृत्रिम झडप बसवलेली असेल, हृदयाच्या आतल्या अस्तराला पूर्वी जंतुसंसर्ग झाला असेल किंवा काही प्रकारचे जन्मजात दोष असतील, तर तोंडातले जिवाणू रक्तातून तिथे जाऊन जिवावर बेतू शकतं. अशा पेशंटना दात काढण्याआधी आणि हिरड्यांच्या खोल कामाआधी अँटिबायोटिकचा डोस द्यावा लागतो. फॉर्मवर 'नाही' लिहिलं तर तो डोस द्यायचा राहून जातो.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या दात काढायचा म्हणून परस्पर बंद करू नका. बहुतेक वेळा गोळी चालू ठेवूनही दात काढता येतो, हिरडीचं रक्त आम्ही थांबवू शकतो. गोळी बंद केल्यामुळे झालेली गुठळी त्याहून फार धोक्याची.

हाडांची औषधं, गरोदरपण आणि इतर गोळ्या

हाडं ठिसूळ झाल्यावर किंवा कॅन्सर हाडांत पसरल्यावर दिली जाणारी ॲलेन्ड्रोनेट, झोलेड्रोनिक ॲसिड, डेनोसुमॅब ही औषधं चालू असताना दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही, उघडं पडतं. गोळ्यांपेक्षा कॅन्सरसाठीच्या मोठ्या डोसमध्ये हा धोका बराच जास्त. म्हणून औषध सुरू होण्याआधीच दातांचं काम उरकून घ्या. वर्षातून एकदा घेतलेलं इंजेक्शन फॉर्म भरताना आठवत नाही, म्हणून हा प्रश्न आम्ही तोंडीही विचारतो.

गरोदरपणात संप्रेरकांमुळे हिरड्या लवकर सुजतात. या काळात क्लीनिंग आणि गरजेचे उपचार सुरक्षित आहेत, मधले तीन महिने सगळ्यात सोयीचे. दुखणं अंगावर काढू नका.

बीपी, नैराश्य, ॲलर्जी यांवरच्या अनेक गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं आणि लाळ कमी झाली की कीड झपाट्याने वाढते. ॲम्लोडिपिन, फेनिटॉइन यांसारख्या औषधांनी काहींच्या हिरड्या फुगतात. औषध बदलायचं का, हे ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच.

घरात अंथरुणाला खिळलेलं कुणी असेल तर

हा भाग कृपया नीट वाचा, कारण याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. गिळण्याची ताकद कमी झालेल्या माणसाच्या तोंडातली घाण लाळेबरोबर फुफ्फुसात उतरते आणि न्यूमोनिया होतो. जपानमधल्या ११ वृद्धाश्रमांत दोन वर्षं केलेला अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचं तोंड जेवणानंतर नियमित साफ केलं गेलं त्यांच्यातल्या ११ टक्के वृद्धांना न्यूमोनिया झाला, इतरांमध्ये हे प्रमाण १९ टक्के होतं. खर्च काय, तर एक मऊ ब्रश आणि घरातल्या कुणाची तरी काही मिनिटं. डोकं उंचावर ठेवा, मान किंचित खाली झुकवा, पाणी अगदी कमी वापरा, जीभ आणि टाळूही पुसून घ्या. कवळी रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवायची. दात एकही नसला तरी तोंड साफ करावंच लागतं.

आम्हाला दिसतं ते

वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू गुळगुळीत, काचेसारखी झिजलेली दिसली की आम्ही ॲसिडिटीबद्दल विचारतो. रात्री पोटातलं आम्ल वर येत असेल तर ते आधी तिथेच लागतं. दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, विशेषतः तंबाखू खाणाऱ्यांत, लगेच दाखवा. जिना चढताना जबडा दुखतो आणि थांबलं की बरं वाटतं, असं असेल तर आमच्याआधी हृदयाच्या डॉक्टरांकडे जा.

येताना सध्याच्या सगळ्या औषधांची चिठ्ठी किंवा गोळ्यांची पाकिटंच आणा. जबड्याखाली सूज पसरत असेल, तोंड उघडत नसेल, थुंकी गिळता येत नसेल किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर आमच्या वेळेची वाट न बघता थेट मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात जा.