पार्श्वभूमी: मेस्क्लिन ग्रह रचणारे स्टब्स सर

हार्ड सायन्स फिक्शनचा, म्हणजे विज्ञानाचे नियम काटेकोर पाळणाऱ्या विज्ञानकथांचा, विषय निघाला की हॅल क्लेमेंट हे नाव येतंच, पण हा माणूस पेशाने शाळेतला विज्ञानशिक्षक होता हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, आणि माझं तर स्पष्ट मत आहे की ते माहीत असल्याशिवाय त्यांच्या कादंबऱ्यांची खरी गंमत कळत नाही.

खरं नाव हॅरी क्लेमेंट स्टब्स. जन्म 30 मे 1922, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या सॉमरव्हिलचा. हार्वर्डमधून खगोलशास्त्राची पदवी मिळाली 1943 मध्ये, पण त्याच्या आधीच, जून 1942 च्या ‘अस्टाउंडिंग’ मासिकात त्यांची पहिली कथा ‘प्रूफ’ छापून आली होती. त्यात सूर्याच्या आत राहणारे जीव आहेत आणि घन पदार्थ नावाची काही चीज असू शकते हेच त्यांना पटत नाही! कॉलेजात शिकणाऱ्या पोराला हे सुचावं याचं मला अजून नवल वाटतं. मग युद्ध आलं, बी-24 बॉम्बर विमानाचे पायलट म्हणून त्यांनी युरोपवर 35 मोहिमा केल्या, परत आल्यावर 1946 मध्ये बॉस्टन युनिव्हर्सिटीतून शिक्षणशास्त्राची मास्टर्स डिग्री घेतली आणि 1949 पासून बॉस्टनजवळच्या मिल्टन अकॅडमी या शाळेत शिकवायला लागले. केमिस्ट्री आणि खगोलशास्त्र. तिथेच 1987 पर्यंत, म्हणजे जवळपास चाळीस वर्षं, आणि मधेच चाळिशीत परत विद्यार्थी होऊन 1963 मध्ये केमिस्ट्रीतली मास्टर्सपण केली. लिखाण सगळं या नोकरीतून उरलेल्या वेळात, म्हणूनच कादंबऱ्या मोजक्याच आहेत.

आता त्यांचं सगळ्यात गाजलेलं काम, ‘मिशन ऑफ ग्रॅव्हिटी’. ही 1953 मध्ये एप्रिल ते जुलै अशी ‘अस्टाउंडिंग’मध्ये क्रमशः आली. तिचं मूळ एका खऱ्याखुऱ्या बातमीत आहे. हंस तारकासमूहात 61 सिग्नी नावाचा जोडतारा आहे, आपल्यापासून 11 प्रकाशवर्षांहून थोडा लांब, त्याच्या कक्षेतल्या हेलकाव्यावरून काय स्ट्रँड (Kaj Strand) या खगोलशास्त्रज्ञाने 1943 मध्ये जाहीर केलं होतं की तिथे गुरूच्या सोळापट वस्तुमानाची एक न दिसणारी वस्तू असणार. (पुढे निरीक्षणं सुधारली आणि अशी वस्तू तिथे नाहीच हे कळलं, पण तेव्हा ते कुणाला माहीत नव्हतं.) स्टब्स सरांनी ही वस्तू ग्रह म्हणून घेतली, तिला मेस्क्लिन नाव दिलं आणि गणित मांडायला बसले. एवढं वस्तुमान म्हणजे गुरुत्वाकर्षण भयंकर, माणूस तिथे उतरणार कसा? मग त्यांनी ग्रहाला गरागरा फिरवलं, इतकं की दिवस साधारण 18 मिनिटांचा झाला, त्यामुळे ग्रह चपटा झाला, विषुववृत्तावर वजन पृथ्वीच्या फक्त तिप्पट आणि ध्रुवावर साधारण 700 पट. म्हणजे आपल्याकडे 70 किलो भरणारा माणूस विषुववृत्तावर 210 किलो भरेल, कसाबसा जगेल, आणि ध्रुवावर तोच 49 टन!

आणि गोष्ट अशी की माणसांचं एक किमती यंत्र नेमकं ध्रुवावर अडकलंय. तिथपर्यंत जाऊ शकतात फक्त तिथलेच रहिवासी, सव्वा फूट लांबीचे गोमेसारखे जीव, मिथेनच्या समुद्रात तराफे एकमेकांना बांधून केलेलं जहाज चालवणारे व्यापारी, त्यांचा कप्तान बार्लेनन. या लोकांना उंचीची प्रचंड भीती, कारण ध्रुवाकडे वीतभर उंचीवरून पडलं तरी मरण. डोक्यावर काही जड वस्तू आली की त्यांचा जीव घाबराघुबरा होतो, वस्तू फेकणं ही कल्पनाच त्यांच्याकडे नाही कारण तिथे फेकलेलं काही दिसायच्या आत खाली आपटतं. दाट हवेत प्रकाश असा वाकतो की क्षितिज वर उचललेलं दिसतं, म्हणून त्यांच्या मते जग वाडग्यासारखं आहे. एका आकड्यावरून भीती, भाषा, भूगोल सगळं कसं निघत जातं बघा, हे मला इतर कुठल्या लेखकात इतकं सापडलेलं नाही.

शेवट सांगतोय, वाचायची असेल तर हा पॅरा सोडा. बार्लेनन ऐनवेळी अडून बसतो. त्याला सोनंनाणं, शस्त्रं काही नको, त्याला विज्ञान शिकायचंय, आणि तयार यंत्रं देऊन भागणार नाही, पायापासून शिकवा म्हणतो. हे फक्त वर्गात उभं राहिलेला माणूसच लिहू शकतो असं मला मनापासून वाटतं.

कादंबरी आली त्याच वर्षी, 1953 च्या जूनमध्ये, सरांनी ‘अस्टाउंडिंग’मध्येच ‘व्हर्लिगिग वर्ल्ड’ हा लेख लिहून ग्रह कसा रचला ते हिशोबासकट उघड केलं. त्यांचं म्हणणं असं की हा लेखक-वाचकातला खेळ आहे, लेखकाने विज्ञानाचे नियम पाळून जग उभं करायचं, वाचकाने त्यातल्या चुका शोधायच्या. वाचकांनी शोधल्याही! अमेरिकेतल्या एमआयटी या नामांकित तंत्रविज्ञान संस्थेच्या सायन्स फिक्शनवाल्या मंडळींनी जास्त बारकाईने गणित केलं आणि सांगितलं की ग्रहाला विषुववृत्तावर चक्क धार यायला हवी. सरांनी हे स्वतःच पुढे आनंदाने सांगितलं, ध्रुवावरचं 700 पटही बरंच कमी भरतं हेही मान्य केलं.

बाकी पुस्तकांत ‘नीडल’ (पंधरा वर्षांच्या मुलाच्या शरीरात राहणारा जेलीसारखा परग्रही डिटेक्टिव्ह) आणि ‘आइसवर्ल्ड’ नक्की वाचा. ‘आइसवर्ल्ड’मधले परग्रही श्वासातून गंधकाची वाफ घेतात, गंधक उकळतं जवळपास 445 अंश सेल्सिअसला, त्यामुळे त्यांना जो ग्रह असह्य थंडगार वाटतो तो म्हणजे आपली पृथ्वी. सरांच्या कादंबऱ्यांतली माणसं सपाट आहेत, भावनांचे चढउतार कमी, ही टीका खरी आहे, पण परग्रही पात्रं मात्र जिवंत आहेत आणि मला तेवढं पुरतं.

‘जॉर्ज रिचर्ड’ नावाने ते अवकाशाची चित्रंही काढायचे. 1945 च्या ‘अनकॉमन सेन्स’ कथेला 1996 मध्ये रेट्रो ह्यूगो (जुन्या विज्ञानकथांना मागाहून दिलं जाणारं ह्यूगो पारितोषिक) मिळालं, नंतर अमेरिकन सायन्स फिक्शन लेखकांच्या संघटनेने ग्रँड मास्टर हा किताब दिला. शेवटची कादंबरी ‘नॉइज’ 2003 मध्ये आली आणि त्याच वर्षी 29 ऑक्टोबरला, 81 व्या वर्षी, मिल्टनमध्येच ते गेले.