फ्रिस्को (टेक्सास): लोकसंख्या आणि वस्ती

फ्रिस्को हे डॅलसच्या उत्तरेचं शहर, थोडं कॉलिन काउंटीत आणि थोडं डेंटन काउंटीत. मुळात रेल्वेचं गाव, वाफेच्या इंजिनांना पाणी भरायला जिथे गाडी थांबायची तिथे वस्ती झाली, आजूबाजूला सगळी शेती. 1990 पर्यंत लोक किती, तर जेमतेम सहा हजार, आपल्याकडचं आठवडी बाजाराचं गावसुद्धा याहून मोठं निघेल. मग 2000 च्या जनगणनेत 33,714, 2010 ला 1,16,989 आणि 2020 ला थेट 2,00,509. 2016-17 या एका वर्षात 8.2 टक्के वाढ झाली आणि अमेरिकेतल्या 50 हजारांवरच्या शहरांत फ्रिस्कोचा पहिला नंबर लागला.

ही वाढ पाळण्यातून कमी आणि सामानाच्या ट्रकमधून जास्त झालीय. डॅलस नॉर्थ टोलवे हा टोलचा हायवे जसजसा उत्तरेला सरकला तसतशा शेतांच्या जागी कॉलन्या उभ्या राहिल्या, शेजारच्या प्लेनोत 2017 ला टोयोटाने हेडक्वार्टर आणलं, आयटीवाले तर आधीपासून येतच होते. टेक्सासमध्ये राज्याचा इन्कम टॅक्स नाही हे येणारा प्रत्येकजण कौतुकाने सांगतो, प्रॉपर्टी टॅक्सचं बिल हातात पडलं की मग आवाज जरा खाली येतो.

खरा बदल वस्तीच्या रंगरूपात आहे. 2010 ला हिस्पॅनिक नसलेले गोरे साधारण दोन तृतीयांश होते, 2020 ला निम्म्याच्या आसपास आले, आणि एशियन दहा टक्क्यांवरून पाव हिश्शाच्याही वर गेले. हिस्पॅनिक बारा टक्क्यांच्या आसपास, कृष्णवर्णीय त्याहून थोडे कमी. आता एशियन या एकाच रकान्यात चिनी, कोरियन, भारतीय सगळेच कोंबलेत, पण फ्रिस्कोत त्यात भारतीयांचाच भरणा, आणि त्यातही तेलुगू जास्त. कार्यसिद्धी हनुमान मंदिरात गेलात तर कानावर तेलुगूच पडेल. मराठी घरंही आहेत, पण आपल्या लोकांचं मंडळ अख्ख्या डॅलस-फोर्ट वर्थ पट्ट्याचं मिळून आहे.

एक गोष्ट आकडे बघताना हमखास निसटते. जनगणना तिथे राहणाऱ्या सगळ्यांना मोजते, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असो की ग्रीन कार्डच्या लायनीत अडकलेला असो, मत मात्र फक्त नागरिकांना, त्यामुळे लोकसंख्येत जेवढे भारतीय दिसतात तेवढे मतदार यादीत दिसत नाहीत.

सध्या वेग मंदावलाय. जागा संपत आली, घरं महागली, लहान पोरंवाली जोडपी आणखी उत्तरेला सेलिनासारख्या गावांत जातायत (2022-23 ला सेलिनाच 26.6 टक्क्यांनी वाढून देशात पहिलं आलं). त्याचा फटका शाळांना बसला, जे फ्रिस्को आयएसडी (तिथल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) वर्षानुवर्षं नव्या शाळा बांधत सुटलं होतं त्यांनीच पोरं कमी झाली म्हणून 2025 मध्ये स्टेली मिडल स्कूल बंद केलं.