जंजिऱ्यापलीकडचे सिद्दी

सिद्दी म्हटलं की आपल्याला मुरुडचा जंजिरा आठवतो, नाहीतर 1660 साली पन्हाळ्याला वेढा घालून बसलेला सिद्दी जौहर. निजामशाही सावरणारा मलिक अंबरही मूळचा इथिओपियाचा, गुलाम म्हणून विकला गेलेला. पण असे सरदार मूठभरच. आफ्रिकेतून अरब आणि पुढे पोर्तुगीज जहाजांवर घालून या किनाऱ्यावर आणलेल्या बाकीच्या माणसांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत, याची मला खंत वाटते. त्यांचे वंशज आज गुजरातेत जांबूर, रतनपूरला आणि उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळच्या रानात राहतात.

त्यांचा माग डीएनएने लावला. 2011 साली हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणूंच्या जीवशास्त्रावर काम करणाऱ्या संस्थेतल्या संशोधकांनी गुजरात आणि कर्नाटकातल्या सिद्दींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या वारशाचा साधारण 60 ते 75 टक्के भाग आफ्रिकी निघाला आणि सर्वांत जवळचं नातं जुळलं ते आफ्रिकेतल्या बांटू भाषा बोलणाऱ्या समाजांशी. स्थानिक लोकांशी सरमिसळ सुरू झाली ती गेल्या दोनशे वर्षांत, म्हणजे जेमतेम आठ पिढ्यांपूर्वी.

पिढ्या मोजता येतात त्या अशा. मूल होताना आईच्या किंवा वडिलांच्या गुणसूत्रांची जोडी आपसांत तुकड्यांची अदलाबदल करते. आफ्रिकी आणि भारतीय गुणसूत्रं एकदा एका शरीरात आली, की दर पिढीला ती आणखी बारीक चिरली जातात. सरमिसळ जितकी जुनी, तितके सलग आफ्रिकी तुकडे आखूड. सिद्दींमध्ये ते अजून चांगले लांब आहेत.

बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र आणि आईकडून येणारा मायटोकाँड्रियातला (पेशीच्या ऊर्जाघरातला) डीएनए यांची तुलना केली, तर आफ्रिकी वाटा वडिलांच्या बाजूला जास्त दिसतो. म्हणजे आफ्रिकेतून आलेल्या पुरुषांनी इथल्या बायकांशी संसार थाटले.

गुलामांच्या याच व्यापाराने पाकिस्तानातल्या मकरान किनाऱ्यावरही आफ्रिकी माणसं नेली. तिथल्या लोकांवरचा 2017 चा अभ्यास मलेरियाबद्दल बोलतो. व्हायव्हॅक्स या प्रकारच्या मलेरियाचा परजीवी तांबड्या पेशीत शिरताना पेशीवरच्या डफी नावाच्या प्रथिनाला धरतो. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत बहुतेकांच्या तांबड्या पेशींवर हे प्रथिन नसतंच. मकरानी लोकांत, एकूण आफ्रिकी वारशाच्या मानाने, हा डफीविरहित जनुकप्रकार बराच जास्त आढळतो. तो ज्यांच्याकडे होता ते तापातून वाचले आणि त्यांची मुलं जगली. अवघ्या काही शतकांत निसर्गाने केलेली ही निवड आहे.