स्वतःचा टेक्स्ट एडिटर आणि ‘अक्षर’ मोजण्याचा पेच

प्रोग्रामरने आपला एडिटर, म्हणजे कोड आणि मजकूर टंकण्याचा प्रोग्राम, आपणच लिहावा, ही रीत जुनी आहे. १९७६ च्या सुमारास आलेले व्हीआय आणि ईमॅक्स प्रोग्रामरांनीच प्रोग्रामरांसाठी लिहिले होते. सोलापुरात अभियांत्रिकी शिकलेल्या एका पिढीला मात्र एडिटर म्हणजे टर्बो सी या सी भाषा शिकण्याच्या जुन्या साधनाचा निळा पडदा एवढेच ठाऊक होते, आणि तसा पडदा आपणही लिहू शकतो, हे तिला वर्गात कोणी सांगितले नव्हते. २०१६ मध्ये सी भाषेतील हजारांहून कमी ओळींचा एक छोटा एडिटर सर्वांसाठी खुला झाला, आणि तो वाचून स्वतःचा एडिटर लिहिणे एका विद्यार्थ्याच्या आवाक्यात आले.

अशा छोट्या एडिटरांचा पाया एकच असतो: एक बाइट (संगणकाच्या साठवणीचे छोटे एकक), एक अक्षर, पडद्यावरचा एक रकाना. कोड इंग्रजी लिपीत असेपर्यंत हा हिशेब चालतो, पण टिपणात ‘सिद्धेश्वर’ लिहिले की तो कोलमडतो. जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक, म्हणजे संकेत, देणाऱ्या युनिकोड या प्रमाणाचे या शब्दात १० संकेत आहेत, आणि ते यूटीएफ-८ या पद्धतीने साठवले की ३० बाइट होतात, तर मराठी माणूस त्यात सि, द्धे, श्व, र अशी चारच अक्षरे मोजतो.

पेचाचे मूळ जुन्या निर्णयात आहे. युनिकोडने देवनागरीची मांडणी १९८८ च्या भारतीय संकेतप्रणालीवरून घेतली. तिच्यात जोडाक्षराला स्वतंत्र संकेत नाही. दोन व्यंजनांमध्ये हलन्त, म्हणजे पाय मोडण्याचे चिन्ह, घालून ते साधले जाते. ही मांडणी काटकसरीची आणि माझ्या मते योग्यच होती. चूक पुढे झाली. वाचकाला जे एक अक्षर वाटते त्याची सीमा ठरवणाऱ्या युनिकोडच्या सर्वसाधारण नियमाने हलन्तानंतर तुकडा पाडला, त्यामुळे ‘सिद्धेश्वर’चे सहा भाग होत राहिले आणि कर्सर जोडाक्षराच्या मधोमध थांबू लागला. ही दुरुस्ती व्हायला युनिकोडची २०२३ ची १५.१ आवृत्ती उजाडावी लागली, हा विलंब मराठी वाचकाला खटकण्यासारखाच आहे.

त्या दुरुस्तीत देवनागरी आणि तेलुगू आल्या. कन्नड आली नाही. मराठी, तेलुगू आणि कन्नड एकाच बाजारपेठेत बोलल्या जाणाऱ्या सोलापुरात ही उणीव किरकोळ नव्हे, कारण तिन्ही लिप्यांतील नावे एकाच फाइलमध्ये हवी असतील, तर कन्नडचा नियम एडिटर लिहिणाऱ्याला स्वतःच लिहावा लागतो.

बॅकस्पेसने पूर्ण अक्षर पुसावे की एकच संकेत, हा वाद अजून मिटलेला नाही. बाणाच्या कळीने कर्सर पूर्ण अक्षर ओलांडावा, यावर बहुतेकांचे एकमत होते. पण ‘द्धे’ हे द, हलन्त, ध आणि मात्रा अशा चार संकेतांनी बनते, आणि चुकली असेल ती केवळ मात्रा. मी रोज वापरतो त्या माझ्या एडिटरमध्ये म्हणून बॅकस्पेस एकच संकेत पुसतो: मात्रा जाते, ‘द्ध’ जागेवर राहतो.